कॅटापल्टमधील द्रवदाब पंपांचे नियंत्रण

अमेरिकी नौदलाच्या निमित्झ वर्गातील विमानवाहू नौकांवर विमानाला उड्डाणाचा वेग देते ती वाफ. परंतु वाफेची झडप उघडणे, सुटण्यापूर्वी विमानाला शटलशी ताणून धरणे आणि उड्डाणानंतर शटल मागे आणणे ही कामे द्रवदाबावर चालतात.

ही मागणी सलग नसते. शटल मागे घेताना काही सेकंदांत पुष्कळ द्रव खर्च होतो, नंतर जवळजवळ काहीच नाही. त्या क्षणिक गरजेला पुरतील एवढे मोठे पंप बसवणे अव्यवहार्य ठरते. म्हणून पंप आणि यंत्रणा यांच्यामध्ये संचयक असतो. हे एक उभे सिलिंडर. त्यातील तरंगत्या दट्ट्याच्या वर द्रव आणि खाली दाबलेली हवा असते. द्रव वापरला गेला की हवा दट्ट्याला वर ढकलते. पंप द्रव भरून त्याला पुन्हा खाली नेतात.

नियंत्रणाचे मर्म या दट्ट्याच्या जागेत आहे. संचयक भरत आला की दट्ट्या तळाजवळील स्विच दाबतो, विद्युत संकेत जातो आणि पंपाचा पुरवठा तोडला जातो. मोटर मात्र थांबत नाही; ती भाररहित फिरत राहते. जड मोटर वारंवार बंद-चालू करण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर. दुसरा स्विच माथ्याजवळ असतो. दट्ट्या तिथवर चढला, म्हणजेच द्रव कमी पडला, तर उड्डाणच रोखले जाते. अर्धवट दाबावर विमान सोडण्याचा धोका कोण पत्करील?

तेल आणि दाबलेली हवा यांचा शेजार किती घातक असतो, हे 26 मे 1954 रोजी दिसले. यूएसएस बेनिंग्टनवर, जिचे कॅटापल्ट पूर्णतः द्रवदाबाचे होते, गळलेल्या तेलाच्या वाफा पेटून स्फोट झाले व 103 जणांचा बळी गेला. अवघ्या सहा दिवसांनी, 1 जूनला, यूएसएस हॅनकॉकवरून अमेरिकेचे पहिले बाष्प-कॅटापल्ट उड्डाण झाले. मूळ रचना ब्रिटिश अधिकारी कॉलिन मिचेल यांची. पुढे कॅटापल्टसाठी सहजी न पेटणारा, पाणी व ग्लायकॉल यांचा द्रव रूढ झाला.

1961 मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या पहिल्या विक्रांतवरही बाष्प कॅटापल्ट होते. आजच्या विक्रांतवरील विमाने चढत्या धावपट्टीवरून उडतात, तर जेराल्ड फोर्डच्या विद्युतचुंबकीय प्रणालीत शटल मागे आणण्याचे कामही विद्युत मोटरच करते.