पाथर्डीचं बंदर

पाथर्डीहून नगरला निघालं, तिसगाव मागं टाकलं, करंजी घाट उतरला की थोड्या वेळानं एका डोंगराच्या टोकावर आठकोनी दगडी इमारत दिसायला लागते. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येकानं ती एसटीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेली असते. तिला सगळे ‘चांदबिबी महाल’ म्हणतात. शाळेच्या सहली तिथं जातात, आता रील्सवाले जातात. पण तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. ती कबर आहे, सलाबतखान नावाच्या निजामशाही वजिराची. तो ज्याचा वजीर होता, त्या मुर्तझा निजामशहानं 1570 साली आपली फौज थेट समुद्रावर नेली होती.

मला हे कळलं ते समुद्र बघून आल्यावर नाही, जायच्या आदल्या आठवड्यात. आणि समुद्र बघायचं ठरलं ते आप्पांमुळं.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी बारा हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की कोयता आणि बिऱ्हाड घेऊन टोळी निघायची, ती उन्हाळा तोंडावर आल्यावर परत. त्यातले बरेच हंगाम कोल्हापूरकडं गेले. कोल्हापूरच्या फडापासून समुद्र एक घाट उतरला की आहे. पण फडातून सुट्टी नसते. त्यामुळं बासष्टाव्या वर्षापर्यंत माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता. मी पुण्यात कोड लिहायला लागल्यावर ऑफिसच्या आउटिंगला दोनदा अलिबागला जाऊन आलो होतो, आणि ही गोष्ट मला अचानक फार टोचली. जुनी वॅगनार काढली. आप्पा पुढं बसले, माझा कॉलेजातला मित्र मागं. ठिकाण ठरवलं रेवदंडा. अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर. गर्दी कमी, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यामधून डोकावणारे पडके पोर्तुगीज मनोरे.

रस्ता तोच, माल वेगळा

पाथर्डीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 61 ला आमच्याकडं ‘कल्याण-विशाखापट्टणम’ म्हणतात. पुण्याहून ताम्हिणीनं जाणं सोपं होतं, पण आम्ही पाथर्डीहूनच निघालो आणि हाच रस्ता धरला: नगर, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण. नुसता लांबचा पल्ला म्हणून नाही. देशावरून समुद्राकडं जाण्याची ही फार जुनी दिशा आहे.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला, शेवगावच्या पलीकडं, गोदेकाठी पैठण. सातवाहनांची राजधानी. पैठणचा माल जुन्नरला यायचा, नाणेघाटानं कोकणात उतरायचा आणि कल्याण, सोपारा, चौल या बंदरांना लागायचा. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणचंही नाव येतं आणि ‘सेमुल्ला’चंही. सेमुल्ला म्हणजे चौल. रेवदंडा हे त्याच चौलचं समुद्राकडचं तोंड.

या वाटेनं उलट्या दिशेनं वर आलेला एक माणूस मला फार आवडतो. अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा यायच्या पंचवीसेक वर्षं आधी, 1470 च्या आसपास, तो होर्मुझहून जहाजानं चौलला उतरला. सोबत विकायला एकच घोडा. तो त्यानं सह्याद्री चढवून जुन्नरला आणला, तोवर त्याचा खर्च शंभर रूबलवर गेला होता. जुन्नरच्या सुभेदारानं घोडा जप्त केला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. ओळखीच्या एका खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून सुटका झाली. निकितिननं दोन गोष्टी नोंदवून ठेवल्यात. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, म्हणून घोड्यांना हरभरा आणि साखर-तूप घातलेली खिचडी खायला घालतात. आणि चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल असतो.

हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, “घोड्याला साखर-तूप? आन माणसाला?”

तो प्रश्न तेव्हा मी हसण्यावारी नेला.

सतरा वर्षांचा राजा आणि घोड्यांचा सौदा

जुन्नर हे निजामशाहीचं मूळ गाव. मलिक अहमद तिथं बहमनींचा अधिकारी होता. 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि विजयाच्या जागेजवळ त्यानं आपल्या नावाचं शहर वसवलं: अहमदनगर. राजधानी देशावर, पाऊस कमी, समुद्र लांब. पण राज्याला बंदर होतं आणि ते होतं चौल.

बंदर का लागायचं? मुख्यतः घोड्यांसाठी. दख्खनचं हवापाणी आणि चारा लढाईच्या घोड्यांच्या पैदाशीला मानवत नाही. चांगला घोडा अरबस्तानातून नाहीतर इराणमधून, होर्मुझमार्गे जहाजात बसून येणार. ज्याच्याकडं घोडे, त्याच्याकडं घोडदळ. ज्याच्याकडं घोडदळ, त्याच्याकडं राज्य. त्यामुळं दुष्काळी पठारावरच्या राजाचं सगळं बळ एका खाडीच्या तोंडावर लटकलेलं होतं. आमच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात.

हे पोर्तुगीजांनी बरोबर ओळखलं. 1508 मध्ये याच चौलच्या खाडीत त्यांना मार बसला होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून त्यांची जहाजं गाठली आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथंच मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला, 1515 मध्ये होर्मुझ कायमचं ताब्यात घेतलं आणि समुद्रावर त्यांचा परवाना चालायला लागला. परवाना नसेल तर जहाज जप्त. आता घोडे हवे असतील तर त्यांच्याशीच बोलायला लागणार होतं.

1521 मध्ये ते बोलणं झालं. सातव्या वर्षी गादीवर आलेला बुऱ्हाण निजामशहा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. पोर्तुगीजांना खाडीच्या मुखाशी किल्ला बांधायची परवानगी मिळाली आणि निजामशाहीला घोडे आणण्याची मुभा. आज रेवदंड्यात शिरताना रस्ता ज्या तटबंदीतून आत जातो, तिची सुरुवात या सौद्यातून झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तटाच्या आत गाव आहे, वाड्या आहेत, विहिरी आहेत, आणि मधेच माडांच्या वर डोकं काढणारा उंच मनोरा. लोक त्याला सातखणी म्हणतात, तो एका चर्चचा होता. निकितिनचंही स्मारक या गावात आहे. आप्पांनी काहीच पाहिलं नाही. तटातल्या खिंडारातून बाहेर काळसर वाळू आणि पाणी दिसलं, तिकडं ते सरळ चालत गेले. चपला हातात घेऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “एवढं पाणी. आन एक घोट प्यायचा नाही.”

टँकरच्या तालुक्यातला माणूस समुद्राकडं बघून दुसरं काय म्हणणार?

नगरची फौज, समुद्राच्या काठावर

बुऱ्हाणच्या नातवाच्या काळात हा सौदा मोडला. 1570 मध्ये विजापूरचा अली आदिलशहा, नगरचा मुर्तझा निजामशहा आणि कालिकतचा सामुद्री यांनी पोर्तुगीजांना एकदमच उखडायचं ठरवलं. आदिलशहानं गोव्याला वेढा घातला, मुर्तझानं चौलला. या कथेत एक घरगुती धागाही आहे. चांदबिबी ही मुर्तझाची बहीण आणि अली आदिलशहाची बायको. म्हणजे तिचा नवरा गोव्याला झुंजत होता आणि भाऊ चौलला. करंजी घाटाखालच्या त्या इमारतीला लोकांनी तिचं नाव चुकीनं दिलं खरं, पण या गोष्टीत तिची जागा आहेच.

तेव्हा रेवदंड्याला आज दिसते तशी पूर्ण तटबंदी नव्हती. छोटा किल्ला आणि त्याच्याभोवती घरं, मठ, वखारी. 1570 च्या अखेरीला निजामशाही फौज येऊन भिडली. पुढचे कित्येक महिने एकेका घरासाठी, एकेका मठासाठी लढाई झाली. नगरकर तोफांमध्ये कच्चे नव्हते. आज विजापुरात असलेली ‘मुलूखमैदान’ तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली आहे. माणसं होती, हत्ती होते, घोडे तर होतेच. ज्या घोड्यांसाठी बंदर दिलं, तेच घोडे आता बंदर परत घ्यायला आले होते.

तरी ते जमलं नाही. फिरिश्ता हा इतिहासकार पुढे याच मुर्तझाच्या नोकरीत होता. त्यानं अपयशाचं खापर लाच खाणाऱ्या सरदारांवर फोडलंय: पोर्तुगीजांनी त्यांना भेटी आणि दारू पाठवून फितवलं. असेलही. पण रेवदंड्याच्या वाळूत उभं राहिलं की दुसरं कारण डोळ्यांना दिसतं. वेढा तीन बाजूंनी होता, चौथी बाजू समुद्राची. तिथून गोव्याची जहाजं धान्य, दारूगोळा, माणसं आणत राहिली. ती अडवायला निजामशहाकडं आरमार नव्हतं. ज्या किल्ल्याचं एक दार कायम उघडं आहे, त्याला वेढा म्हणता येत नाही. 1571 च्या पावसाळ्यात तह झाला आणि फौज घाट चढून परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूल ओलांडून कुंडलिका खाडीच्या पलीकडं कोर्लईला गेलो. समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्यावर लांबट किल्ला. 1594 मध्ये निजामशाहीनं इथं मोर्चेबंदी करून रेवदंड्याचा गळा आवळायचा पुन्हा प्रयत्न केला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी डोंगरच जिंकून घेतला. पुढच्याच वर्षी मुघल नगरच्या वेशीवर आले, तेव्हा शहर लढवायला चांदबिबी उभी राहिली. रेवदंडा पोर्तुगीजांकडंच राहिलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर 1740 च्या तहात ते मराठ्यांकडं आलं.

पोर्तुगीज गेले, पण कोर्लई गावात त्यांची भाषा राहिली. तिथली काही शे ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून बनलेली बोली घरात बोलतात. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीची. राजे, तोफा, तह सगळं संपून पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी आई लेकराशी बोलते ते शिल्लक आहे.

“मंग आपुन कुठं व्हतो?”

खानावळीत आप्पांनी मासे नको म्हटलं. गळ्यात माळ आहे. त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी आली. मी वेढ्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्ये राजे, सरदार, फिरंगी, रशियाचा बी गडी. समदे आले. मंग आपुन कुठं व्हतो?”

मला उत्तर देता आलं नाही. निजामशाहीच्या राजांची यादी मला पाठ होती. घोड्याचा खर्च किती आला, हे एका परक्या माणसानं लिहून ठेवलं होतं. पण त्या घोड्याचे पैसे शेवटी शेतसाऱ्यातून यायचे, आणि शेतसारा माझ्यासारख्यांच्या खापरपणज्यांच्या ज्वारीतून. घोड्याला साखर-तूप, आणि माणसाला? कालच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

मग आप्पाच बोलायला लागले. येताना पनवेल-पेणच्या खाड्यांकडं मिठागरं दिसली होती. पांढरे ढीग त्यांनी गाडी थांबवून पाहिले होते. त्यांचे आजोबा सांगायचे म्हणे, पूर्वी मीठ गाडीतून येत नसे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे घाट चढून यायचे आणि जाताना धान्य घेऊन उतरायचे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत अशा वाहतुकीची आठवण आहे. बंदरावर घोडा उतरला की त्याची नोंद व्हायची. मीठ मात्र गुपचूप प्रत्येक चुलीपर्यंत पोचायचं. घोडा राजाला लागायचा, मीठ सगळ्यांना.

हे ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी आप्पांना समुद्र दाखवायला आणलं होतं, जणू तो माझा होता आणि त्यांचा नव्हता. पण समुद्र आमच्या घरात पिढ्यानपिढ्या रोज येत होता. पिठात, आमटीत, उन्हातून आल्यावर ताकात. ज्या माणसांनी तो वर आणला, ती बैलामागून चालत गेली. त्यांच्या नातवंडांनी पुढं याच माळरानावरून हंगामी बिऱ्हाडं केली, फक्त बैलाच्या पाठीवरचं ओझं उसाचं झालं. आणि त्यांचा एक पणतू लॅपटॉप घेऊन ‘वीकेंडला बीच’ म्हणत आला.

परतताना आप्पांनी पेणजवळ रस्त्याकडंच्या एका बाईकडून दोन किलो खडेमीठ घेतलं. मी म्हटलं, “आप्पा, मीठ काय पाथर्डीत मिळत नाही का?” ते म्हणाले, “मिळतंय की. पर ह्ये आपुन आणलंय.”

नगर सोडलं तेव्हा अंधार पडत होता. डोंगरावरची आठकोनी कबर काळी दिसत होती. आप्पांनी तिच्याकडं बोट केलं. मांडीवरची मिठाची पिशवी तशीच धरून म्हणाले, “त्यो बी गेला व्हता का तिकडं?”

“त्याचा राजा गेला होता,” मी म्हटलं.

“मंग त्याला सांग,” आप्पा म्हणाले, “आमी बी जाऊन आलो.”