दोन ठिकाणचे उंदीर

प्रयोगासाठी लागणारे उंदीर बहुतेक प्रयोगशाळा विकत आणतात. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढवल्याने एका वाणाचे सारे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जणू जुळी भावंडेच असतात. मग ते कोठून आणले याने काय बिघडते? शिकागो विद्यापीठात थॉमस गायेव्स्की यांच्या गटाला मात्र फरक दिसला. जॅक्सन आणि टॅकोनिक या दोन अमेरिकी पुरवठादारांकडच्या एकाच वाणाच्या उंदरांना त्यांनी मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, सारख्याच पेशी टोचल्या. टॅकोनिकच्या उंदरांत गाठ भराभर वाढली, जॅक्सनच्या उंदरांत सावकाश.

जनुके तीच, गाठ तीच. मग वेगळे काय? उपाय अगदी साधा होता. गाठ देण्याआधी तीन आठवडे दोन्हींकडचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. फरक नाहीसा झाला! उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात आणि त्यांबरोबर आतड्यांतले जीवाणू इकडून तिकडे जातात. (वर्गात हे सांगताना हशा होईल. होऊ द्यावा, प्रयोगाचे मर्म तेच आहे.) शिवाय टॅकोनिकचे उंदीर जॅक्सनसारखे झाले, उलट नव्हे. म्हणजे जॅक्सनच्या उंदरांपाशी काही जास्तीचे होते. शोध घेता ते बिफिडोबॅक्टेरियम जातीचे जीवाणू निघाले. ते जिवंत पाजले तर गाठीची वाढ मंदावे. उष्णतेने मारून दिले तर नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट उंदरांपुरतीच राहिली असती. पण आपल्या टी-पेशींना आवरणारे काही ‘ब्रेक’ असतात. त्यांतला पीडी-१ हा जपानच्या तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधला. सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक सोडवला की उंदरांतील गाठी विरघळतात, हे अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. २०११ पासून अशी औषधे वापरात आली, पण अनेक रुग्णांना त्यांचा गुण येईना. शिकागोच्या उंदरांत औषध आणि जीवाणू दोन्ही दिल्यावर गाठीची वाढ जवळजवळ थांबली. नोव्हेंबर २०१५ च्या ‘सायन्स’मध्ये हे छापून आले. त्याच अंकात पॅरिसजवळच्या लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने दाखवले, की आतड्यांत जीवाणूच नसलेल्या उंदरांवर सीटीएलए-४ विरोधी औषध चालत नाही.

मग जीवाणूंच्या गोळ्याच द्याव्यात की! असे वाटणे साहजिक आहे. कित्येक रुग्ण त्या आपणहून घेतही होते. २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी या उपचारावरील १२८ मेलॅनोमा रुग्णांचा आहार तपासला. रोज २० ग्रॅम वा अधिक तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. गोळ्यांचा फायदा दिसला नाही. उंदरांत तर त्यांनी नुकसानच केले, आणि दिलेल्यांपैकी एक गोळी बिफिडोबॅक्टेरियमचीच होती! तंतू आपल्याला पचत नाहीत, ते आतड्यांतल्या अनेक जातींच्या जीवाणूंचे अन्न आहे. बाहेरून एकच जात ओतणे आणि असलेल्या वस्तीला पोसणे यांत फरक असावा, असे मला वाटते. अर्थात रुग्णांचे हे केवळ निरीक्षण होते. तंतू खाणारी माणसे इतरही बाबतींत वेगळी असू शकतात.

पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या गटाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील कामू-कामू या आंबट फळातून कॅस्टालाजिन नावाचे संयुग वेगळे केले. औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांच्या विष्ठेतील जीवाणू उंदरांत सोडले, वर हे संयुग पाजले, तेव्हा पीडी-१ विरोधी औषध चालू लागले. कॅस्टालाजिन जाऊन चिकटते ते गाठीला नव्हे, तर आतड्यांतल्या रुमिनोकॉकस जातीच्या एका जीवाणूला.