चिल्लर आणि चलनबदल

चलन बदलते तेव्हा कोणाचे किती गेले, हे चिल्लरीतच कळते. सोव्हिएत संघात १९६१ साली दहा जुन्या रूबलांचा एक नवा रूबल झाला, किमतीही दहाने भागल्या. पण १, २, ३ कोपेकची जुनी नाणी त्याच अंकाने चालू राहिली. चिल्लर साठवणाऱ्याची पुंजी दसपट झाली!

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे ६.२५ पैसे, तक्त्यात धरले ६. म्हणून संग्रह लहान मूल्याच्या नोटा-नाण्यांपासून सुरू करावा. सावेडीतल्या घरांतही जुन्या डब्यांत आणे सापडतील. ते वर्गात मांडू आणि मुलांना विचारू: सोळा आणे एकेक करून मोडले, तर ९६ पैसेच येतात, उरलेले चार कोणाचे गेले?