पुष्पकाची किंमत

पुराणातले पुष्पक विमान मूळचे कुबेराचे. रावणाने ते बळाने घेतले आणि पुढे श्रीराम त्यातून अयोध्येला परतले. कोणी दाम मोजून ते विकत घेतल्याचे मात्र आपल्या ऐकिवात नाही. 1958 साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातून एक दोन आसनांचे हलके विमान उडाले. त्यालाही ‘पुष्पक’ हेच नाव मिळाले, पण हेतू उलटा होता. कुबेर नसलेल्यालाही उडता यावे, हा तो हेतू.

हे विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्याच जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले. 1951 साली उडालेले ‘एचटी-2’ हे पहिले भारतीय बनावटीचे शिकाऊ विमानही त्यांच्याच चमूचे. इतक्या विद्येच्या माणसाने पुष्पकाचा थाट किती साधा ठेवला पाहा: कापडाने मढवलेले अंग आणि नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. तरीही ते एकट्यादुकट्याच्या खिशाला परवडणारे नव्हते. पुष्पके गेली ती मुख्यतः फ्लाइंग क्लबांकडे. क्लबांना सरकारी मदत असे आणि शिकणारा तासाचे पैसे भरून उडे.

साधे यंत्र इतके महाग का पडते, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. उद्यमनगरातला कोणीही फौंड्रीवाला सांगेल, की पॅटर्नचा खर्च दहा नगांवर पडला तर गिऱ्हाईक पळते आणि दहा हजारांवर पडला तर जाणवतही नाही. आपल्याकडचे ऑइल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर पोचले ते या हिशेबाने. विमानाला विहिरी कोठून आणाव्यात? शिवाय प्रत्येक भागाची तपासणी, दाखले आणि विमा यांचा बोजा असतोच. पंपाचे इंजिन बंद पडले तर ऊस वाळतो. विमानाचे बंद पडले तर काय होते, ते सांगायला नको.

अमेरिकेसारख्या धनवान देशाचीही यात दमछाक झाली. 1978 साली तेथे सतरा हजारांवर छोटी व खासगी वापराची विमाने विकली गेली. 1994 साली हा आकडा हजाराच्या खाली आला. अपघातांवरून कारखान्यांवर होणारे दावे आणि त्यापायी वाढलेला विमा, हे त्याचे एक मोठे कारण. मग 2004 साली सरकारने ‘लाइट स्पोर्ट’ नावाचा वर्ग काढला: दोन आसने, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे वजन फार तर 600 किलो, आणि दाखल्यांचा जाच कमी. सेस्ना या नामांकित कंपनीने 2007 साली ‘स्कायकॅचर’ जाहीर केले. किंमत सुमारे एक लाख नऊ हजार डॉलर. ती राखण्यासाठी विमानांची बांधणी चीनमध्ये नेली. मागण्या हजारावर आल्या. पण किंमत चढत 2011 साली दीड लाखाच्या घरात पोचली, तशी गिऱ्हाइके गळाली. 2013 साली कंपनीने नाद सोडला, तोवर दोनशेही विमाने खपली नव्हती. उरलेली कित्येक कोरी विमाने 2016 साली मोडीत गेली.

आपली पुष्पके तर त्याहूनही कमी, दीडशेच्या आसपास झाली. पण ती क्लबांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे उडत राहिली. एकेका विमानाचा खर्च शंभर विद्यार्थ्यांत वाटला जात होता आणि तोट्याचा वाटा सरकार उचलत होते.