सिगारेट, बबलगम आणि लाइव्ह: बेसबॉल कार्डांचा धंदा

आजचा विषय थेट अमेरिकेतला, बेसबॉल कार्डं. शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं खेळायचो ना, त्यांचे हे पणजोबा समजा.

गंमत म्हणजे सुरुवातीला कार्ड विकायला नव्हतंच. विकायची होती सिगारेट. १८८० च्या दशकात सिगारेटी चेपू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठा घालायचे. त्यावर खेळाडूंची चित्रं आली आणि लोक संच पुरा करायला तोच ब्रँड ओढू लागले. १९३० च्या दशकात सिगारेटची जागा बबलगमने घेतली, म्हणजे गिऱ्हाईक आता शाळकरी पोरं.

खरी गोष्ट टॉप्स कंपनीची. १९५२ चा त्यांचा ४०७ कार्डांचा संच साय बर्गरने ब्रुकलिनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. पण शेवटचा हप्ता बाजारात आला तेव्हा सीझन संपत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. बर्गर सांगायचा, जत्रावाल्यांना कवडीमोल भावात देऊ केला, त्यांनाही नको होता. शेवटी १९६० च्या सुमारास गोदाम रिकामं करायला सगळी खोकी बार्जवर चढवून समुद्रात बुडवली! त्याच हप्त्यातलं पहिलं कार्ड, क्रमांक ३११, मिकी मँटलचं. २०२२ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

असे भाव चढायचं कारण साधं. आयांनी पोरांची कार्डं केरात टाकली, म्हणून उरलेली महाग झाली. १९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी मोडली, फ्लीअर आणि डॉनरस उतरल्या. १९८४ पासून बेकेटचं भाव छापणारं मासिक निघालं. पोरं धावांआधी भाव बघायला लागली. आणि मग सगळ्यांनीच कार्डं जपून ठेवली! कंपन्यांनी बेसुमार छापली, कुणी काही फेकेना, त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचा भाव आहे.

१९९१ मध्ये पीएसए आली. कार्ड तपासायचं, १ ते १० मध्ये ग्रेड द्यायची, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करायचं. चार वर्षांनी ईबे सुरू झालं आणि दोन्हींचं मस्त जुळलं, कारण वस्तू हातात न घेता विकत घ्यायची तर कुणीतरी खात्री द्यायला हवीच. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा टप्पा सगळ्यात आवडतो.

त्यानंतरचा आवडत नाही. आता ‘ब्रेक’ चालतात. तुम्ही पैसे भरून एक टीम घेता, विक्रेता लाइव्हवर बॉक्स फोडतो, तुमच्या टीमची कार्डं निघाली तर तुमची. नाही निघाली तर हात हलवत परत. गेममधले लूट बॉक्स आठवले की नाही? पाकिटात नशीब आधीही होतं, पण तेव्हा निदान चघळायला गम तरी मिळायचा.

२०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्सने टॉप्सचा कार्डांचा व्यवसाय विकत घेतला. २०२३ मध्ये त्यांनी ब्रेकसाठी स्वतःचं लाइव्ह ॲप काढलं आणि जुन्या कार्डांचा लिलाव करणारी एक कंपनीही घेतली. त्याच वर्षी त्यांचं खेळांवर पैसे लावायचं ॲपसुद्धा आलं. म्हणजे कार्ड छापणारा, फोडण्याचा मंच चालवणारा, जुनं झाल्यावर लिलावात विकणारा आणि सामन्यावर पैज घेणारा, सगळं एकाच छपराखाली.