वालुका-संवर्धन आणि नत्राचा प्रश्न

वनस्पतीच्या पोषणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास माती हे माध्यम फार अडचणीचे असते. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे नेमके सांगता येत नाही. आज घातलेले द्रव्य उद्या कोणत्या रूपात सापडेल याचाही भरवसा नसतो. वाळूचे तसे नाही. गारगोटीची स्वच्छ धुतलेली वाळू रोपास आधार देते, मुळांना हवा देते आणि अन्न म्हणून जवळजवळ काहीच देत नाही. जे द्यावयाचे ते प्रयोगकर्त्याने मोजून द्यावे. वाळूच्या या 'काही नसण्या'वरच एकोणिसाव्या शतकातील पोषणशास्त्राचा बराचसा भाग उभारला गेला. तथापि हे 'काही नसणे' एका महत्त्वाच्या प्रश्नात तीस वर्षे सत्याच्या आड उभे राहिले, आणि पुढे तेच सत्य वाळूच्याच कुंडीत उघड झाले. त्या प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे.

वनस्पतीच्या राखेत सापडणारी खनिजे ती स्वतः निर्माण करते काय, असा प्रश्न ग्योटिंगेन येथील विद्वत्सभेने १८३८ साली पारितोषिकासाठी मांडला होता. व्हीगमान आणि पोल्स्टॉर्फ यांनी १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तरात आम्लांनी शुद्ध केलेल्या वाळूचा उपयोग केला. एवढ्यानेही समाधान न होऊन त्यांनी प्लॅटिनमच्या तारेच्या बारीक तुकड्यांत अळीव पेरले! रोपांच्या राखेत बियांत होते त्याहून अधिक खनिज आढळले नाही. निष्क्रिय माध्यमाची पद्धत येथे पूर्णपणे यशस्वी ठरली, आणि तिच्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसला तो योग्यच होता.

नत्राचा प्रश्न याहून बिकट होता. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नत्रवायूचा. वनस्पतीस तो घेता येतो काय? फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांना १८३७-३८ च्या प्रयोगांत असे आढळले की भाजलेल्या निःसत्त्व जमिनीत क्लोव्हर व वाटाणा यांच्या अंगी थोडे अधिक नत्र जमते, गहू व ओट यांच्या अंगी जमत नाही. हे उत्तर बरोबर होते. परंतु प्रयोग पुरेसा काटेकोर नाही, ही शंका त्यांना स्वस्थ बसू देईना. १८५१ नंतर त्यांनी बंद काचपात्रे घेतली, धुऊन भाजलेला प्युमिस दगड माध्यम म्हणून वापरला, आणि मग कोणत्याच वनस्पतीत नत्राची वाढ दिसेना. प्रयोग सुधारला आणि उत्तर चुकले, असे याचे वर्णन करावयास हरकत नाही.

इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि तरुण अमेरिकन रसायनज्ञ इव्हन प्यू यांनी १८५७-५८ मध्ये हाच प्रश्न हाती घेतला. माध्यम तापवून घेतलेले, रोपांवर काचेची झाकणे, आत जाणारी हवा गंधकाम्लातून नेऊन अमोनियारहित केलेली. निष्कर्ष १८६१ साली प्रसिद्ध झाला: वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेत नाही. या कामाच्या काटेकोरपणापुढे विरुद्ध मत टिकणे कठीण होते. मात्र रॉथॅमस्टेडच्याच शेतांत क्लोव्हरच्या पिकातून निघणाऱ्या नत्राचा हिशेब जुळत नव्हता, आणि गिल्बर्ट यांना त्याची जाणीव होती. द्विदल पिकानंतर जमीन सुधारते हे आपल्याकडील शेतकऱ्यालाही अनुभवाने ठाऊक होते. त्याचे कारण कोणत्याही प्रयोगशाळेजवळ नव्हते.

आनहाल्ट संस्थानातील बेर्नबुर्ग येथे हेरमान हेलरीगेल आणि त्यांचे सहकारी विल्फार्थ यांनी ज्या कुंड्या भरल्या त्यांत प्रत्येकी चार किलो गारगोटीची वाळू होती. खनिजद्रव्ये सर्वांना सारखी. फक्त कॅल्शियम नायट्रेटचे प्रमाण निरनिराळे. ओटने अगदी शिस्तीने उत्तर दिले. नत्र न दिलेल्या कुंडीत शुष्क वजन अर्धा ग्रॅमही भरले नाही, ०.११२ ग्रॅम नत्र दिले तेथे सुमारे ११ ग्रॅम, त्याच्या दुप्पट दिले तेथे सुमारे २१ ग्रॅम. वाटाण्याने मात्र ही शिस्त मोडली. नत्र मुळीच न दिलेल्या, सर्वस्वी सारख्या तीन कुंड्यांपैकी एकीत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, दुसरीत साडेतीन आणि तिसरीत पाच ग्रॅमांहून अधिक पीक आले. बियांतील शिदोरी संपताच सर्व रोपे पिवळी पडत. काही तशीच राहत, काही मात्र एकाएकी हिरवी होऊन जोमाने वाढू लागत.

या तीन आकड्यांची सरासरी काढून पुढे जाणे किती सोपे होते! (आपल्या प्रबंधांतील कोष्टके पाहिली म्हणजे हा मोह आजही किती बलवान आहे ते कळते.) हेलरीगेल यांनी सरासरीपेक्षा त्या विषमतेकडेच लक्ष दिले. सारख्या कुंड्यांत असे वेगळे फळ येते, त्या अर्थी कुंडीत काहीतरी योगायोगाने येऊन पडत असले पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. मग वाळू निर्जंतुक करून काही कुंड्यांत सुपीक जमिनीचा थोडासा अर्क घातला गेला. त्या कुंड्यांतील वाटाणा सरसकट वाढला आणि त्याच्या मुळांवर ग्रंथी आल्या. अर्क उकळून घातला तर काहीच होईना. ल्युपिनला तर वाटाण्यास मानवणारा अर्क चालेना. ज्या रेताड जमिनीत ल्युपिन वाढत होते तेथलाच अर्क लागे. ओटवर या अर्काचा परिणाम झाला नाही.

सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिनच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात हेलरीगेल यांनी हे प्रयोग मांडले. सविस्तर ग्रंथ १८८८ साली आला. ग्रंथी नव्या नव्हत्या. माल्पीगी यांनी सतराव्या शतकातच त्यांचे चित्र काढले होते, आणि त्यांच्यातील जंतुसदृश कण वोरोनिन यांनी १८६६ साली पाहिले होते. परंतु त्यांचे कार्य हेलरीगेल यांच्या कुंड्यांनी प्रथम निश्चित केले. बायेरिंक यांनी १८८८ साली ते जंतू वेगळे वाढवून दाखविले.

यावरून रॉथॅमस्टेडचा प्रयोग चुकीचा होता असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. त्यांची मापे बरोबर होती. भाजलेल्या माध्यमात, झाकणाखाली वाढलेली वनस्पती खरोखरीच मुक्त नत्र घेत नाही. चूक झाली ती हा निष्कर्ष शेतातील वनस्पतीस लावण्यात. माध्यम तापविताना सेंद्रिय नत्र काढून टाकावयाचे होते. त्याच आगीत जंतूही गेले, आणि ज्या काळी जमिनीतील जंतूंचे शास्त्र जन्मासही आले नव्हते त्या काळी हे नुकसान कोणाच्या ध्यानात यावे? भाजलेली वाळू ओटपुरती 'कोरी' होती. वाटाण्यापुरती ती कोरी नव्हती, कारण वाटाण्याच्या अन्नव्यवस्थेचा एक भागच तिच्यातून नाहीसा झाला होता. माध्यम निष्क्रिय आहे की नाही हे एकट्या माध्यमावरून ठरत नाही. त्यात काय वाढवावयाचे आहे यावरून ठरते.

पुढे वालुका-संवर्धनाची पद्धत अधिकच सूक्ष्म झाली. सूक्ष्ममात्रिक मूलद्रव्यांच्या अभ्यासासाठी वाळूतील लोहादी अंश आम्लांनी काढून टाकण्याच्या रीती निघाल्या. लाँग ॲश्टन येथील ह्युइट यांनी १९५२ साली त्यांचा संग्रहग्रंथ सिद्ध केला. ग्रंथीजंतूंच्या परीक्षेसाठी १९४३ साली लेनर्ड यांनी सुचविलेल्या बरणीत निर्जंतुक वाळू वरच्या भागात असते, आणि खालच्या पात्रातील द्रव वातीवाटे वर चढतो. अशा परीक्षेत जंतू न घातलेली, नत्रही न दिलेली एक बरणी शेजारी ठेवावी लागते. तिच्यातील रोप पिवळे पडले तरच बाकीच्या बरण्यांवर विश्वास ठेवावयाचा.

लॉज आणि गिल्बर्ट यांनी वार्धक्यात, १८८८ पासून, रॉथॅमस्टेड येथे हेलरीगेल यांचे प्रयोग जमिनीच्या अर्कासह करून पाहिले आणि ते खरे असल्याचे स्वतःच प्रसिद्ध केले. इव्हन प्यू मात्र १८६४ सालीच वारले होते.