परीक्षा घेणारे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील जुन्या आवारात दोन वास्तू नजरेत भरतात. एक १८७४ साली पूर्ण झालेले दीक्षान्त सभागृह, दुसरी १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि त्याखालचे ग्रंथालय. एकीत पदव्या द्यायच्या, दुसरीत पुस्तके ठेवायची. विद्यार्थ्यांना बसवून शिकवायचे, यासाठी मात्र यांतली एकही बांधलेली नाही. ही बांधणाऱ्यांची नजरचूक नव्हती. शिकवणे हे या विद्यापीठाचे कामच नव्हते.

१८५४ च्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानातील विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवण्यात आला. त्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. शिकवावे कॉलेजांनी, पारख करावी विद्यापीठाने, अशी वाटणी होती. १८५९ मध्ये मुंबईची पहिली मॅट्रिक झाली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले बी.ए. झाले. पॅट्रिक गेडीस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवून विद्यापीठाने स्वतः शिकवण्याकडे ठळकपणे पाऊल टाकले, ते १९१९ साली. म्हणजे स्थापनेनंतर साठ वर्षे उलटल्यावर.

या मांडणीचा परिणाम कसा होतो, हे मराठीच्या वाट्याला जे आले त्यातून स्वच्छ दिसते. सुरुवातीला देशी भाषांना उच्च परीक्षांत जागा होती. १८६० च्या दशकात ती काढून घेतली गेली. संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा हव्यात, देशी भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, असा युक्तिवाद होता. मराठी शिकवू नका, असे कोणी म्हटले नव्हते. ती फक्त प्रश्नपत्रिकेतून गेली. पण जे परीक्षेला नाही ते कॉलेजात शिकवले जात नाही. जे शिकवले जात नाही त्यावर ग्रंथ लिहायची कोणाला निकड वाटत नाही. आणि ग्रंथ नाहीत म्हटल्यावर ‘अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही’ हा मूळ आक्षेप आपोआप खरा ठरू लागतो. रानडे हे चक्र ओळखून होते. विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा त्यांनी घेतलेला आढावाही त्याच खटपटीचा भाग होता. १९०१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच सुमारास एम.ए.ला मराठीची वाट मोकळी झाली. पहिल्याच तुकडीतल्या पदवीधराला आपली भाषा प्रश्नपत्रिकेत परत आणण्यासाठी उभा जन्म खर्चावा लागला.

एवढे वाचून परीक्षा हीच सगळ्या दुखण्याचे मूळ, असे कोणी म्हणेल. पुढच्या आयोगांनी जवळपास तेच म्हटले. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाची तक्रार होती की येथे अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षापद्धतीची सुचवू, अशी भूमिका घेतली.

पण याच इतिहासात एक वेगळा आवाज आहे, आणि तो कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाचा आहे. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणावरचा त्यांचा भर सर्वांना ठाऊक आहे; विद्यापीठाविषयीचा त्यातला मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. खासगीरीत्या अभ्यास केलेल्या मुलांना मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देते, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी, अशी मागणी केली. घरी अभ्यास करून बी.ए., एम.ए. होता आले तर अनेक तरुण त्या वाटेने जातील, असे त्यांचे म्हणणे होते. मागणी अवाजवी नव्हती. ज्या लंडनचा नमुना मुंबईने उचलला, त्या लंडनने १८५८ पासूनच कॉलेजच्या दाखल्याची अट काढून परीक्षा बाहेरच्यांना खुली केली होती. आपण नमुना घेतला, पण त्यातले उघडे दार घेतले नाही.

फुल्यांना परीक्षेत जे दिसले ते आयोगांना दिसले नाही. शाळा-कॉलेज कोणाच्या ताब्यात आहे, मास्तर कोणत्या जातीचा आहे, फी परवडते की नाही, या सगळ्यांवर मात करण्याची एक संधी परीक्षेत असते. उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, आडनाव नसते. ओळख नसलेल्याला तेवढाच आधार.

हे दार आपल्याकडे खऱ्या अर्थाने उघडायला फार काळ लागला. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ मध्ये सुरू झाले; नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. आमच्या अंबरनाथसारख्या गावात त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्को, एमआयडीसीतले कारखाने यांवर हे गाव वाढले. येथली मुले उल्हासनगरच्या, कल्याणच्या कॉलेजांत जातात. पण ज्याची पाळी सकाळी सातची, त्याला पंचाहत्तर टक्के हजेरी कुठून जमणार? अशांसाठी पदवीची वाट परीक्षेवरूनच गेली. हे लिहिणाराही त्याच वाटेचा वाटसरू आहे.

या वाटेची किंमतही सांगितली पाहिजे. जिथे फक्त शेवटचा पेपर मोजला जातो, तिथे गाईड, ‘अपेक्षित’ आणि झेरॉक्सच्या नोट्स हेच अध्यापक होतात. वर्षभर लिहिलेले कोणी तपासत नाही, चूक कुठे झाली ते कोणी सांगत नाही. मिळतो तो फक्त आकडा. आणि तो आकडा देणारे यंत्रच बिघडले तर काय होते, हे २०१७ मध्ये दिसले. मुंबई विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर तपासणी एकाएकी लागू केली. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका अडकल्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले. ज्या संस्थेचे मूळ कामच परीक्षा घेणे, ती नेमकी तिथेच कोलमडली.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर आहे. प्रकल्प, सादरीकरण, वर्गातला सहभाग यांना गुण मिळणार. शिकण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. वर्षभरात चार वेळा लिहून घेतले आणि चारही वेळा नीट तपासून परत दिले, तर विद्यार्थी जे शिकेल ते एका तीन तासांच्या पेपरने शिकणार नाही. पण त्यासाठी तपासणारा हवा. पदे रिकामी, तासिका तत्त्वावरचे अध्यापक, वर्गात शंभर मुले, अशा ठिकाणी अंतर्गत गुण हे शिकण्याचे माप न राहता मर्जीचे माप होऊ शकते, किंवा सगळ्यांना सारखेच वाटायचा खाऊ. आणि पाळीवरचा मुलगा वर्गातल्या सहभागाचे गुण कुठून आणणार, हा फुल्यांचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

म्हणून परीक्षा ठेवा की काढा, हा वाद मला अपुरा वाटतो. दीडशे वर्षांच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. रानड्यांच्या लढ्यातून कळते की ज्याला गुण नाहीत ते शिकवले जात नाही. तेव्हा जे शिकवायचे आहे, त्यालाच गुण हवेत. फुल्यांच्या मागणीतून कळते की ज्याला कोणी ओळखत नाही, त्यालाही आपले ज्ञान सिद्ध करायची जागा हवी. पहिली गोष्ट वर्गातल्या सतत तपासणीने साधेल. दुसरी बाहेरच्या, नाव झाकलेल्या परीक्षेनेच. एकीसाठी दुसरी मोडली, तर एक तर विद्यार्थी शिकणार नाही, नाही तर शिकलेला बाहेर राहील. नव्या पद्धतीचा प्रत्येक मसुदा एका साध्या प्रश्नावर घासून पाहावा: रात्रपाळी करून घरी अभ्यास करणाऱ्याला यात जागा कुठे आहे?